सोलापुरात सोडवलेले पिल्लू सांभाळावे कसे आणि दत्तक द्यावे कसे

रस्त्यावरून उचललेले कुत्र्याचे पिल्लू काही आठवडे आपल्या घरी ठेवायचे, ते धडधाकट झाले की त्याच्यासाठी कायमचे कुटुंब शोधायचे आणि मग आपण बाजूला व्हायचे, या कामाला आता आपल्याकडेही ‘फॉस्टर करणे’ म्हणतात. ज्यांनी अजून एकही पिल्लू असे सांभाळलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी धरून चालावी: हे पिल्लू दुसऱ्या कोणाचे तरी आहे, फक्त ते घर अजून सापडलेले नाही. त्याला काय खायला घालायचे, कुठे झोपवायचे, कोणती सवय लावायची आणि कोणती लावायची नाही, हे सगळे त्या न पाहिलेल्या घराचा विचार करून ठरवावे लागते.

उचलण्याआधी

एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. आई अन्न शोधायला गेलेली असते आणि पिल्ले एखाद्या ओट्याखाली, बंद दुकानाच्या पायरीशी किंवा बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाआड तिची वाट पाहत पडलेली असतात. पिल्लू जखमी नसेल आणि वाहनांच्या वाटेत नसेल, तर दोन-तीन तास दूर उभे राहून पाहावे, आजूबाजूच्या पानटपरीवर, किराणा दुकानात विचारावे. आई जिवंत आहे की नाही, हे गल्लीतल्या माणसांना नक्की ठाऊक असते. आई असेल तर पिल्लू तिथेच राहू द्यावे आणि तिला खायला घालावे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडलेल्या पिल्लाला, चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हे शिकवणारे कोणी उरत नाही, आणि ती उणीव पुढे नव्या घराला भोगावी लागते.

आई वाहनाखाली गेली असेल किंवा पिल्लू कोणी पोत्यात घालून आणून टाकले असेल, तर मात्र थांबू नये. वयाचा अंदाज डोळ्यांवरून आणि दातांवरून करता येतो. जन्मानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ते सगळे, म्हणजे २८, आलेले असतात. चार आठवड्यांच्या आतले पिल्लू नवख्या माणसाने एकट्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला दर दोन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठी मिळणारे दूध बाटलीने, पोटावर पालथे ठेवून पाजावे लागते. त्याला आपल्या अंगाची ऊब टिकवता येत नाही आणि ओल्या कापसाने पुसल्याशिवाय शी-शूही होत नाही. अशा वेळी अनुभवी माणसाला त्याच दिवशी गाठावे.

पहिले दोन दिवस

घरी आणल्यावर आंघोळ घालण्याची घाई करू नये, कारण अशक्त पिल्लाला गारठा लवकर बसतो आणि त्यातून ते सावरत नाही. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्यावी, खाणे नंतर. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेले अन्न पचत नाही. पिल्लू अगदी मलूल असेल तर हिरड्यांना थोडे साखरेचे पाणी किंवा मध चोळून लगेच पशुवैद्याकडे न्यावे. पिसवा आणि गोचीड यांसाठी दुकानातून आणलेली मोठ्या कुत्र्याची पावडर किंवा थेंब आपल्या मनाने लावू नयेत; वजन करून वयाप्रमाणे औषध ठरते आणि ते डॉक्टरच ठरवतात.

घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची भांडी वेगळी असावीत आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. पार्व्हो या आजाराची लागण झालेले पिल्लू सुरुवातीचे काही दिवस अगदी हसते-खेळते दिसू शकते. नंतर एकाएकी खाणे सुटते, उलट्या होतात, रक्तमिश्रित आणि उग्र वासाची हगवण लागते. हे दिसले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. लहान पिल्लाच्या अंगातले पाणी एका रात्रीत संपते आणि ते शिरेतून भरावे लागते.

पिल्लाचा दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसतो, ही समजूत चुकीची आहे आणि ती जिवावर बेतू शकते. जे हे काम वरचेवर करणार असतील, त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

खाणे

आपल्याकडे पिल्लाला पहिली वाटी गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाची मिळते आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागतात. कुत्रीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश फार कमी असतात, तर दुधातली साखर जास्त असते. ती सगळ्याच पिल्लांना पचते असे नाही. पाच-सहा आठवड्यांपुढच्या पिल्लाला मऊ शिजवलेला भात, हाडे काढलेले उकडलेले चिकन, उकडलेले अंडे किंवा कोमट पाण्यात भिजवलेले पिल्लांचे तयार खाद्य, असे थोडे-थोडे दिवसातून चार वेळा द्यावे.

ज्वारीच्या भाकरीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सोलापुरात कुत्रा आणि भाकरी यांची जोडी फार जुनी आहे. भाकरी वाईट नाही, परंतु वाढत्या पिल्लाला नुसती भाकरी पुरत नाही. पोट फुगलेले, पाय वाकलेले आणि केस रखरखीत झालेले पिल्लू पुष्कळदा जंतांबरोबर या अपुऱ्या खाण्याचेही बळी असते. कडक भाकरीचा तुकडा चघळायला दिला तर ठीक, परंतु तिच्यावर शेंगा चटणी भुरभुरून देणारी प्रेमळ माणसे मी पाहिली आहेत. त्या चटणीत लसूण असतो, आणि लसूण व कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट तर अजिबात देऊ नये. आपल्या जिल्ह्यात बेदाणा घरोघरी असतो, म्हणून लहान मुलांना हे मुद्दाम सांगून ठेवावे. तापासाठी घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे हाही जीवघेणा उपचार आहे.

जंत आणि लसी

जंताचे औषध साधारण आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा द्यावे लागते. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांपुढे देतात. एक डोस झाला म्हणजे काम झाले, असे नव्या कुटुंबाला वाटण्याचा फार संभव असतो. म्हणून लसीच्या बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवून घ्यावे, पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ते कार्ड मूळ स्वरूपात पिल्लाबरोबर जावे.

सोलापूरचे म्हणून जे आहे ते

इथल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तो आकडाही कमी वाटतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते, आणि पिल्लाची ती शक्तीही अपुरी असते. दुपारी जमिनीलगतची खोली, ओले गोणपाट, सावलीतले मातीचे पसरट भांडे आणि हवा खेळती राहील अशी उघडी खिडकी एवढे असावे. कूलरचा झोत सरळ अंगावर नको. धाप थांबत नसेल, तोंडातून घट्ट लाळ येत असेल आणि पिल्लू लडखडत असेल, तर ऊन लागले असे समजून साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि दवाखान्याकडे निघावे. बर्फाचे पाणी ओतू नये. दवाखान्याच्या ठरलेल्या फेऱ्या सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर कराव्यात.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात प्रत्येक घरी हौद, टाकी, पिंपे भरलेली असतात. रांगत्या पिल्लासाठी उघडा हौद म्हणजे विहीरच. झाकण नसलेल्या हौदावर फळी आणि फळीवर दगड ठेवावा, आणि दत्तक घेणाऱ्यांच्या घरी गेल्यावरही आधी हौदाकडे नजर टाकावी.

तिसरी गोष्ट सुताची. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत सुताचे तुकडे आणि गुंते पडलेले असतात आणि पिल्लाला त्यांच्याइतके आवडते खेळणे दुसरे नसते. गिळलेला लांब धागा आतड्यात एका टोकाला अडकला की आतडे त्याच्यावर चुणीसारखे गोळा होते आणि कापले जाते. शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तर तो ओढून काढू नये, कापून टाकण्याचाही खटाटोप करू नये, तसेच डॉक्टरांकडे न्यावे. जुनी सोलापुरी चादर अंथरूण म्हणून उत्तम आहे, धुतली तरी टिकते. फक्त तिच्या सुटलेल्या कडा कापून शिवून घ्याव्यात.

सवयी

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे पाहते-ऐकते, ते त्याला जन्मभर ओळखीचे वाटते, आणि नेमका हाच काळ ते आपल्याकडे असते. कुकरची शिट्टी, मिक्सर, मागाची खटखट, मंदिरातली घंटा, अजान, फेरीवाल्याचा कर्णा, हेल्मेट घातलेला माणूस, बुरखा घातलेली बाई, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेच्या गणवेशातली पोरे, हे सगळे रोज थोडे-थोडे आणि खाऊच्या सोबतीने त्याच्या ओळखीचे करून द्यावे. लसी पूर्ण होईपर्यंत जिथे इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडू नये; कडेवर घेऊन गल्लीत फिरवले तरी भागते.

शी-शूसाठी उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर ठरलेल्या एकाच जागी न्यावे, झाल्याबरोबर शाबासकी द्यावी. घरात झाले तर निमूटपणे पुसावे. नाक घासणे, चापट मारणे यांतून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली करते.

शब्द कोणते वापरायचे, याचाही इथे विचार करावा लागतो. आपण ‘ये’ म्हणून शिकवतो. पिल्लू तेलुगू घरात गेले तर त्याला ‘रा’ ऐकू येणार आणि कन्नड घरात ‘बा’. पिल्लू कोणतीही भाषा शिकते, परंतु पहिले पंधरा दिवस ते ऐकत नाही म्हणून ओरडा खाते. मी प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोडते आणि ती खूण नव्या घराला शिकवते. शब्द त्यांचे त्यांनी ठरवावेत.

पिल्लाची माहिती लिहिताना

इथे माझी स्वतःची चूक सांगते. शेंगी नावाचे एक पिल्लू माझ्याकडे होते, शेंगदाण्याच्या रंगाचे. ते रात्री एकटे ठेवले की तास-तास रडत असे. एक कुटुंब आवडीने घ्यायला तयार झाले होते. ते मागे हटतील या भीतीने मी ती गोष्ट सांगितली नाही. चौथ्या दिवशी शेंगी परत आली. त्या घरात रात्रपाळीहून येणारे वडील होते आणि त्यांची झोप मोडत होती. त्यांची काहीही चूक नव्हती. शेंगीला मात्र घर मिळून सुटण्याचा अनुभव पुन्हा एकदा घ्यावा लागला आणि पुढचे दोन आठवडे ती दाराजवळच बसून राहिली. तेव्हापासून मी पिल्लाचे दोष आधी लिहिते. तिच्यासाठी नंतर जी माहिती लिहिली, ती अशी होती:

‘देशी मादी पिल्लू, वय अंदाजे अडीच महिने. जंताचे औषध तीनदा आणि पहिली लस झाली आहे. दिवसा दाराशी जाऊन सांगते, रात्री अजून एकदा घरात होते. एकटी झोपवली तर रडते; कोणाच्या तरी खाटेजवळ झोपवली तर रडत नाही. खेळताना दात लावते. मांजरामागे धावते. भात, अंडे आणि चिकन खाते. दत्तक विनामूल्य, परंतु घर पाहून आणि लेखी करार करूनच.’

फोन कमी आले, पण जे आले ते वाचून आले. फोटो दिवसाच्या उजेडात, जमिनीवर बसून पिल्लाच्या नजरेच्या पातळीवरून काढावेत. एक फोटो पूर्ण अंगाचा असावा आणि एक एखाद्या माणसाशेजारी, म्हणजे आकार कळतो. ‘नाहीतर उद्या रस्त्यावर जाईल’ अशी गळ कधीही घालू नये. दयेपोटी घेतलेले पिल्लू दया ओसरल्यावर परत येते.

घर पारखणे

पहिला प्रश्न हमखास येतो, ‘जात कोणती?’ देशी म्हटल्यावर निम्मे फोन तिथेच संपतात आणि ते संपलेलेच बरे. दुसरा प्रश्न येतो, ‘नर आहे ना?’ मादी नको म्हणणाऱ्यांना नसबंदीची माहिती द्यावी. साधारण सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया करता येते आणि मग पिल्लांची चिंता उरत नाही. एवढ्यावर काही जणांचे मत बदलते.

आपण विचारायचे प्रश्न असे असतात: घरातले सगळे राजी आहेत का, दिवसा घरी कोण असते, घर स्वतःचे की भाड्याचे, आधी कुत्रा होता का आणि त्याचे काय झाले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लक्ष देऊन ऐकावे. ‘मोठा झाल्यावर गावाकडे सोडला’ असे सहज सांगणाऱ्याला मी पिल्लू देत नाही. प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे, हे त्यांना नम्रपणे सांगावे. वस्तीवर राखणीला हवे म्हणणारे सगळेच वाईट नसतात. शेतावर मोकळे, पोटभर खाणारे आणि माणसांत वावरणारे कुत्रे फ्लॅटच्या गॅलरीत कोंडलेल्या कुत्र्यापेक्षा सुखी असू शकते. प्रश्न साखळीचा असतो. दिवसभर बांधून ठेवणार का, हे सरळ विचारावे.

सोलापुरात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे पिल्लू देऊच नये, असे मला वाटत नाही. घरात अंडे चालते का, तयार खाद्य आणणार का, हे आधी बोलून घ्यावे. दूध-भाकरीवर भागवू असे उत्तर आले तर नकार द्यावा. सोसायटीत कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भाडेकरूने मात्र घरमालकाची संमती आधी घ्यावी, कारण खोली सोडावी लागली की पहिला बळी पिल्लाचाच जातो.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पिल्लू देऊ नये. चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि तेवढ्यात पाहून घ्यावे: फाटक बंद होते का, गच्चीच्या कठड्याच्या जाळीतून पिल्लू निसटेल का, हौद झाकलेला आहे का, लहान मूल पिल्लाला उचलताना घरातले कोणी मध्ये पडते का. आजींचा चेहरा पाहावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुत्रा नको असेल तर त्या तोंडाने नाही म्हणत नाहीत, पदर सावरून आत निघून जातात.

सोपवण्याचा दिवस

करार एका पानाचा पुरतो. दोन्ही बाजूंची नावे, पत्ते आणि ओळखपत्राची प्रत, उरलेल्या लसींच्या तारखा, नसबंदी करण्याची कबुली, पिल्लू तिसऱ्याला न देण्याची अट, आणि सांभाळणे अशक्य झाले तर ते आपल्याकडेच परत आणून देण्याची अट. हे शेवटचे वाक्य लिहिताना आपण ते पाळणार आहोत का, याचा विचार करावा. माझ्याकडे जागा नाही म्हणून टाळणाऱ्याने ती अट लिहू नये आणि खरे तर पिल्लूही उचलू नये.

दिवस सुट्टीचा आणि वेळ सकाळची निवडावी, म्हणजे घरातली माणसे दिवसभर त्याच्याजवळ राहू शकतात. दिवाळीचा आठवडा टाळावा. घर होम मैदानाच्या आसपास असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम होऊन जाईपर्यंत थांबावे. पिल्लाबरोबर त्याच्या चादरीचा न धुतलेला तुकडा, आठ दिवसांचे सध्याचे खाणे आणि लसीचे कार्ड द्यावे. नवे खाणे जुन्यात रोज थोडे-थोडे वाढवत न्यायला सांगावे.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फोन करावा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पिल्लू खात नाही, कोपऱ्यात बसते, असे कळले तर घाबरून आणायला धावू नये. पाणी पिते का आणि उलटी-जुलाब आहेत का, एवढे विचारावे. रोज फोन करणारी सांभाळणारी बाई नव्या घराला सासूसारखी वाटू लागते, हेही मी ऐकून घेतले आहे.

इकडे आपल्या घरात खोका, वाटी आणि उरलेल्या चिंध्या असतात. पार्व्होचे विषाणू जमिनीवर आणि कपड्यांवर महिनोन् महिने टिकतात, म्हणून चिंध्या टाकून द्याव्यात, फरशी आणि भांडी आधी साबणाने घासावीत आणि नंतर ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच मिसळून निदान दहा मिनिटे भिजत ठेवावीत. पिल्लू पार्व्होने आजारी पडून गेले असेल, तर लस न झालेले दुसरे पिल्लू कित्येक महिने त्या खोलीत आणू नये, कोणी कितीही गळ घातली तरी.